वावरात राबणाऱ्या माणसाची डॉक्सीसायक्लिन

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा लागला की माझ्या दुकानात एका कॅप्सूलची मागणी वाढू लागते आणि दिवाळी उलटून जाईपर्यंत ती कमी होत नाही. ही कॅप्सूल म्हणजे डॉक्सीसायक्लिन नावाचे अँटिबायोटिक, १०० मिलिग्रॅम. वर्धा आणि यवतमाळ या जिल्ह्यांच्या सीमेवरील एका बाजारगावात मी गेली अनेक वर्षे औषधांचे दुकान चालवते, आणि या काळात माझी एक समजूत पक्की झाली आहे. रोग ओळखणे आणि औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम असून त्यात मी ढवळाढवळ करत नाही. परंतु रुग्ण गोळ्यांचा पत्ता खिशात घालून दुकानाची पायरी उतरला की पुढचे सात दिवस ते औषध त्याच्या दिनक्रमात कसे बसणार आहे, याचा विचार बहुधा कोणीच केलेला नसतो. डॉक्सीसायक्लिनच्या बाबतीत हा विचार टाळून चालत नाही. पाणी, अन्न, झोप आणि ऊन या चारही गोष्टींशी या औषधाचा थेट संबंध येतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील आमच्या शेतकऱ्याच्या व मजुराच्या दिवसात नेमक्या या चारही गोष्टी औषधाला गैरसोयीच्या असतात.

या हंगामात हे औषध एवढे लागते, त्याचे मुख्य कारण स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भातील इतर जिल्ह्यांत या तापाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, काही दगावलेही, आणि तेव्हापासून हे नाव आमच्या गावांतून माहीत झाले. ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी या जिवाणूमुळे होणारा हा ताप चिगर नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या, माइट या गोचिडीसारख्या बारीक जीवाच्या अळीच्या चाव्यातून माणसापर्यंत पोहोचतो. ही अळी गवतात, झुडपांत आणि धुऱ्यावरच्या काडीकचऱ्यात असते. त्यामुळे निंदणासाठी दिवसभर वाकून बसलेली बाई, बैलांसाठी गवताचा भारा कापणारा गडी आणि झुडपांच्या आडोशाने शेळ्या चारणारे पोर हे तिचे नेहमीचे बळी ठरतात. चावा कळत नाही. साधारण दहा दिवसांनी थंडी वाजून ताप भरतो, डोके फुटेस्तोवर दुखते, अंग मोडून येते. काही रुग्णांच्या अंगावर चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते, आणि ती काखेत, जांघेत, स्तनांखाली किंवा साडीच्या गाठीखाली, कंबरेपाशी असते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्णाच्या लक्षात येत नाही. लक्षात आली तरी डॉक्टरांना दाखवायची लाज वाटते. अनेक बाया ती खपली आधी दुकानाच्या मागच्या खोलीत मला दाखवतात, कारण मी बाई आहे. त्यांना मी एवढेच सांगते की माझ्या पाहण्याने काही होत नाही, ही जागा दवाखान्यात दाखवायलाच हवी, कारण निदानाची निम्मी वाट त्या खपलीवरूनच सापडते.

हा जिवाणू आपल्या पेशींच्या आत शिरून राहतो. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन या गटांतील, म्हणजे अमॉक्सिसिलिन किंवा सेफिक्सीमसारखी, घरोघरी उरलेली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणलेली औषधे त्यावर चालत नाहीत. डॉक्सीसायक्लिन मात्र पेशीच्या आत पोहोचते आणि जिवाणूची प्रथिने तयार करण्याची यंत्रणाच बंद पाडते. भारतातील उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ रुग्णाला १०० मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा, सात दिवस, असे ते दिले जाते, आणि वेळेत सुरू केले तर बहुतेकांचा ताप ४८ तासांच्या आसपास उतरतो. हा परिणाम इतका ठसठशीत असतो की ज्याने तो एकदा अनुभवला त्याला पुढच्या वर्षी कोणताही ताप आला तरी तेच औषध हवे असते. याच हंगामात आमच्याकडे डेंग्यू असतो, चिकुनगुन्या असतो, साधा विषाणूजन्य तापही असतो, आणि यांपैकी एकावरही डॉक्सीसायक्लिनचा काही उपयोग नाही. डेंग्यूचा ताप तर आपला आपण उतरतो आणि त्यानंतरच रुग्ण ढासळण्याची भीती असते. अशा वेळी श्रेय कॅप्सूलला देऊन निर्धास्त बसलेला माणूस हा माझ्या दृष्टीने सर्वांत धोक्यात असलेला रुग्ण असतो.

आता कॅप्सूल घेण्याच्या रीतीकडे वळते, कारण लिहायला बसले ते मुख्यतः त्यासाठी. ‘ताई, दोन टाइम म्हंजे कवा? सकायी वावरात जाच्या पह्यले अन् रात्री झोपताना घेतली त चालते ना?’ हा प्रश्न मला प्रत्येक हंगामात विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या दृष्टीने तो अगदी रास्त असतो, कारण घरी असण्याच्या त्याच दोन वेळा असतात. तरीही झोपण्याच्या क्षणी ही कॅप्सूल घेणे चुकीचेच. जिलेटिनचे आवरण ओले झाले की चिकट होते, आणि पाणी कमी पडले तर कॅप्सूल पोटात न जाता अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटून राहते. तिथेच ती विरघळली की आतले औषध, जे पाण्यात विरघळल्यावर बरेच आम्लधर्मी असते, त्या नाजूक अस्तराला भाजते आणि व्रण पडतो. बाजेवर आडवे पडून, अंधारात गडव्यातल्या घोटभर पाण्यासोबत गिळलेली कॅप्सूल अडकण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. दुसऱ्या दिवशी छातीच्या मधोमध कळ येते, घास गिळताना जीव जातो, साधे पाणीसुद्धा बोचते. हे दुखणे छातीत असल्यामुळे घरचे लोक हृदयविकाराच्या भीतीने गाडी करून तालुक्याला धावतात. एका सोयाबीन उत्पादकाच्या घरी असेच घडले होते. ईसीजी चांगला निघाला, आणि कॅप्सूल रात्री कशी घेतली हे विचारल्यावरच सगळा उलगडा झाला. छातीत कळ आल्यावर दवाखान्यात जाणे योग्यच होते, यात शंका नाही. पण एक भरलेला पेला पाणी आणि अर्धा तास बसून राहणे एवढ्यावर ती कळ टळली असती.

म्हणून माझे सांगणे असे असते की कॅप्सूल घेण्याआधी तोंड ओले करावे, खर्रा असेल तर तो थुंकून चूळ भरावी, कॅप्सूल पाण्यासोबत गिळावी आणि तिच्यामागून उरलेला पेला पूर्ण संपवावा. पेला म्हणजे घरातला मोठा, पाव लिटरच्या जवळपास पाणी मावणारा. चहाचा कप नव्हे. त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, आडवे होऊ नये. संध्याकाळची कॅप्सूल जेवणासोबत, म्हणजे साधारण आठ वाजता घेतली, तर जेवणानंतरचे आवरणे, जनावरांना चारा टाकणे, मुलांचे अभ्यास यांत तो तास सहज निघून जातो. सकाळची कॅप्सूल न्याहारीनंतर घ्यावी. उपाशीपोटी ती घेतली तर कित्येकांना मळमळते, काहींना ओकारी होते, आणि ओकारी झाली की माणूस ‘हे औषध मले सोसत नाही’ असे म्हणून पत्ता फेकून देतो. भाकरी-भाजी खाऊन घेतल्याने शोषण थोडे कमी होते हे खरे, पण रुग्णाने सात दिवस औषध घेत राहणे त्याहून कितीतरी मोलाचे आहे.

दुधाबद्दल लोक अधिक विचारतात, कारण ‘अँटिबायोटिक गरम पडते, दूध प्यावे’ हा सल्ला आमच्याकडे घराघरांतून दिला जातो. डॉक्सीसायक्लिन ज्या कुळातली आहे, त्या टेट्रासायक्लिन कुळातील सर्व औषधांना कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त अशा धातूंशी बांधले जाण्याची खोड आहे. एकदा ती जोडी जमली की औषध आतड्यातून रक्तात जात नाही, मळावाटे निघून जाते. जुन्या टेट्रासायक्लिनवर दुधाचा परिणाम फार मोठा होत असे. डॉक्सीसायक्लिन त्या मानाने बरीच सोशिक आहे. तिचे शोषण दुधाने सुमारे २० टक्क्यांनी घटते. त्यामुळे चहातल्या चमचाभर दुधाची धास्ती घेण्याचे कारण नाही, मात्र कॅप्सूलवर पेलाभर दूध किंवा वाटीभर दही नको, ते दुपारी घ्यावे, असे मी सांगते.

दुधापेक्षा मला काळजी वाटते ती लोहाच्या गोळीची. आमच्या भागात बायकांमध्ये रक्ताल्पता फार आहे, आणि आशाताई घरोघरी देतात ती ‘रक्तवाढीची गोळी’ अनेकजणी नियमाने घेतात, जे चांगलेच आहे. अडचण अशी की एकाच वेळी सगळ्या गोळ्या तळहातावर घेऊन एका घोटात गिळण्याची आपली सवय असते. लोह आणि डॉक्सीसायक्लिन असे एकत्र पोटात गेले की दोन्ही वाया जातात. त्यातही लोहाचे एक विशेष आहे. डॉक्सीसायक्लिनचा काही भाग पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरतो आणि तिथून परत शोषला जातो. आतड्यात लोह असेल तर हा परतीचा भागही अडकतो. म्हणून तासाभराचे अंतर पुरेसे होत नाही. सकाळी आठ आणि रात्री आठ अशी कॅप्सूल असेल तर लोहाची गोळी दुपारी दोनच्या सुमारास, वावरात शिदोरी सोडल्यानंतर घ्यावी, म्हणजे दोन्हीकडे सहा तास मिळतात. ती चहासोबत घेऊ नये, कारण चहा लोहाचेही शोषण बिघडवतो. ताप असेपर्यंत लोहाची गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. विचारल्यावर पुष्कळदा ते आठवडाभर थांबवायला सांगतात.

कॅल्शियमच्या गोळीचे आणि पोटातल्या जळजळीवर घेतल्या जाणाऱ्या पातळ अँटासिडचे असेच आहे. अँटासिडचा घोळ तर अधिक होतो, कारण कॅप्सूलने पोटात जळजळले की माणूस लगेच त्या गुलाबी औषधाची बाटली मागतो, आणि त्यातले मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम नुकत्याच गिळलेल्या कॅप्सूलला पकडून ठेवतात. दोहोंमध्ये किमान दोन-तीन तासांचे अंतर हवे. गिऱ्हाईक दोन्ही वस्तू एकत्र घेऊन जात असेल तर मी दोन वेगळ्या पुड्या करते, एकीवर सूर्य काढते आणि दुसरीवर चंद्र. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे पुरते आणि वाचता येणाऱ्यांनाही ते आवडते, असा माझा अनुभव आहे.

ऊन हा विषय कोणाच्या डोक्यातच नसतो. डॉक्सीसायक्लिन घेत असताना त्वचा सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांना, विशेषतः त्यांतील लांब लहरींच्या किरणांना, असाधारण हळवी होते. एरवी ज्या उन्हात काहीही होत नाही, त्याच उन्हात तासा-दोन तासांत हाताच्या पाठी, मान, नाक, कानांच्या पाळ्या आणि पायांचे वरचे भाग लालबुंद होऊन भाजल्यासारखे जळजळू लागतात. कधी फोड येतात. नखांखाली दुखणे आणि नख मांसापासून सुटणे हेही होऊ शकते. ज्याचा रंग सावळा आहे त्याला हे होत नाही, हा गैरसमज आहे. प्रमाण कमी असेल, पण होते. ढगाळ दिवशीही हे किरण खाली पोहोचतात, त्यामुळे आभाळ आले म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

आता हे औषध कोणत्या दिवसांत घेतले जाते ते पाहावे. सोयाबीनची सवंगणी सुरू झालेली असते, कपाशीची पहिली वेचणी तोंडावर आलेली असते, पावसाने उघडीप दिलेली असते आणि ऑक्टोबरचे ऊन चटके देत असते. ताप उतरला की तिसऱ्या दिवशीच माणूस विळा घेऊन वावरात उतरतो, कारण शेंगा तडकल्या तर दाणे मातीत जातात आणि मजुरीचा खाडा परवडत नाही. अशा माणसाला ‘दहा ते चार उन्हात जाऊ नका’ असे सांगणे म्हणजे सल्ला देण्याची औपचारिकता उरकणे आहे, असे मला वाटते. सनस्क्रीनची ट्यूब घ्यायला सांगणे त्याहून हास्यास्पद. जे होण्याजोगे आहे तेच सांगावे, म्हणून मी पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट सांगते. वेचणीला जाणाऱ्या बहुतेक बाया साडीवर नवऱ्याचा किंवा मुलाचा असा शर्ट घालतातच. आता त्याच्या बाह्या वर न सरकवता मनगटापर्यंत ठेवायच्या आणि बटणे लावायची. डोक्यावरून कानांपर्यंत दुपट्टा बांधायचा, पायांत मोजे घालायचे. सवंगणी पहाटे सुरू करून उन्हाच्या आधी जमेल तेवढी आटोपायची. कॅप्सूल संपल्यावरही काही दिवस त्वचेचा हळवेपणा राहतो, तेव्हा शर्ट लगेच उतरवू नये. आणि अंग भाजल्यासारखे झालेच, तर त्यावर चुना, टूथपेस्ट, इंजिनाचे तेल यांपैकी काहीही न लावता थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्या व डॉक्टरांना दाखवावे. फवारणीच्या औषधानेच असे झाले असावे, असे गृहीत धरून कित्येकजण हे अंगावर काढतात. फवारणी न केलेल्या माणसालाही ते होते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

गरोदरपणात हे औषध सहसा देत नाहीत, कारण गर्भाच्या दातांत आणि हाडांत कॅल्शियम साठत असते आणि या कुळातील औषधे तिथे जाऊन बसतात. पुढे दुधाचे दात पिवळट-तपकिरी होतात. स्क्रब टायफस झालेल्या गरोदर स्त्रीला त्याऐवजी ॲझिथ्रोमायसिन दिले जाते. म्हणून पाळी चुकली असेल, दिवस गेल्याची शंका असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना चिठ्ठी लिहिण्यापूर्वी सांगितली पाहिजे. सासूच्या किंवा दिराच्या देखत ती सांगता येत नाही, हे मी जाणते. अशा वेळी परिचारिकेच्या कानावर घातली तरी चालते. लहान मुलांच्या बाबतीत वैद्यकशास्त्राची भूमिका थोडी बदलली आहे. आठ वर्षांखालील मुलाला हे औषध कधीच द्यायचे नाही, असे आम्ही शिकलो होतो. पुढे असे दिसून आले की थोड्या दिवसांच्या डॉक्सीसायक्लिनने दात डागळण्याचा धोका जुन्या टेट्रासायक्लिनसारखा नसतो, आणि स्क्रब टायफससारख्या जिवावर बेतणाऱ्या आजारात मुलाचे प्राण अधिक महत्त्वाचे ठरतात. त्यामुळे बालरोगतज्ज्ञांनी ते वजनानुसार लिहून दिले असेल तर पालकांनी घाबरून थांबवू नये. मात्र मोठ्या माणसाची कॅप्सूल उघडून अर्धी पूड मधात कालवून मुलाला देणे हा प्रकार पूर्णपणे वेगळा आहे; तो करू नये.

इतर औषधांविषयी थोडक्यात लिहिते. फिट्ससाठी फेनिटोइन, कार्बामाझेपीन किंवा फेनोबार्बिटोन घेणाऱ्यांच्या आणि क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन घेणाऱ्यांच्या शरीरातून डॉक्सीसायक्लिन लवकर निघून जाते, त्यामुळे डॉक्टरांना मात्रेचा विचार वेगळा करावा लागतो. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींनी हे दोन्ही एकत्र घेऊ नये, कारण डोक्यातला दाब वाढू शकतो. रोज दारू पिणाऱ्याच्या शरीरातही हे औषध कमी काळ टिकते. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे हा प्रश्न मी कागदोपत्री विचारायलाच नको. पण मी विचारते, आणि उत्तर बहुतेक वेळा रुग्णाची बायको देते.

दिवसांचा हिशेब हा खरा वादाचा मुद्दा. दोन दिवसांत ताप उतरला की उरलेल्या कॅप्सूल कशाला, असे रुग्णाला वाटते आणि त्याचे वाटणे समजण्यासारखे आहे. अँटिबायोटिकचा ‘पूर्ण कोर्स’ हवाच का, यावर डॉक्टरांमध्येही चर्चा चालते. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही तज्ज्ञांनी या जुन्या शिकवणीलाच प्रश्न विचारला होता, आणि अनेक आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे उपचार पुरेसे ठरले आहेत. पण किती दिवस पुरेत, हे आजारानुसार आणि रुग्णानुसार बदलते, आणि तो आकडा ठरवण्याचे साधन रुग्णाकडे नसते. स्क्रब टायफसमध्ये औषध लवकर थांबवले तर ताप उलटतो, असे घडते. म्हणून लिहून दिले तेवढे दिवस घ्यावे, आणि मधे थांबावेसे वाटले तर डॉक्टरांना विचारूनच थांबावे. एखादी वेळ चुकली तर आठवताच घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. डॉक्सीसायक्लिन शरीरात बऱ्यापैकी टिकते, रक्तातली तिची पातळी निम्म्यावर यायला अठरा तासांच्या आसपास लागतात. तेव्हा तासा-दोन तासांच्या उशिराने काही बिघडत नाही.

उरलेल्या कॅप्सूल देव्हाऱ्यामागे किंवा टिनाच्या छपराखालच्या फळीवर ठेवण्याची पद्धत मात्र घातक आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पत्र्याखाली त्याहून अधिक असतो; पाठोपाठ पावसाळ्याची ओल येते. या कुळातील औषधे उष्णता, ओल आणि प्रकाश यांनी बिघडतात. मुदत उलटून बिघडलेली टेट्रासायक्लिन घेतल्यामुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याचे रुग्ण १९६३ सालीच वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले गेले होते. (या कुळातील पहिले औषध ऑरिओमायसिन, बेंजामिन डगर यांनी शोधलेले हे औषध १९४८ साली जगासमोर आले तेव्हा लेडर्ले प्रयोगशाळेतील संशोधनाची सूत्रे आंध्रातून गेलेल्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती. त्यांचे नाव आम्हाला औषधशास्त्राच्या वर्गातही ओझरतेच ऐकायला मिळाले, याची मला अजून खंत वाटते.) उरलेल्या कॅप्सूल फोडून कोंबड्यांच्या दाण्यात मिसळणे किंवा शेळीला चारणे हाही आमच्याकडचा एक उद्योग आहे. जनावराची मात्रा पशुवैद्यकाने ठरवायची असते, आणि औषध दिलेल्या जनावराचे दूध, अंडी व मांस किती दिवस वापरायचे नाही हेही त्यांनीच सांगायचे असते.

कायद्याच्या दृष्टीने डॉक्सीसायक्लिन शेड्यूल एचमध्ये येते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. पत्त्याच्या मागे जी उभी लाल रेघ असते ती याचीच खूण असून २०१६ साली केंद्र सरकारने त्या रेघेबद्दल जनजागृतीची मोहीमही चालवली होती. सेफिक्सीमसारखी काही औषधे तर १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच१ मध्ये आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद डॉक्टर व रुग्णाच्या नावासह वेगळ्या वहीत ठेवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. चिठ्ठी नसेल तर मी औषध देत नाही, म्हणून काही गिऱ्हाइके रागावून पुढच्या गावाला जातात, हे मला माहीत आहे. पुढच्या गावात त्यांना औषध मिळतेही. पण प्रश्न गिऱ्हाइकाच्या अडाणीपणाचा आहे, हे शहरातून येणाऱ्या व्याख्यात्यांचे मत मला मान्य नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र दूर, एसटीची वेळ गैरसोयीची, दिवसाची मजुरी बुडणार, आणि खिशातल्या पैशांत दोनच कॅप्सूल बसणार, असा त्याचा साधा हिशेब असतो. डॉक्सीसायक्लिन स्वस्त औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते, हे त्याला सांगितले की त्याचा हिशेब पुष्कळदा बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकांचे जे तीन गट केले आहेत, त्यांत डॉक्सीसायक्लिन पहिल्या, म्हणजे सहज उपलब्ध असावे अशा गटात आहे, तर लोक सर्रास मागतात ते ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सीम जपून वापरायच्या दुसऱ्या गटात. जे महाग ते भारी, या आमच्याकडच्या समजाला येथे आधार नाही.

किरकोळ त्रासांपैकी जुलाब आणि मळमळ बहुतेकांना माहीत असतात. बायकांना औषधाच्या काळात किंवा नंतर योनीमार्गात खाज सुटून दह्यासारखा पांढरा स्राव जाऊ शकतो; अँटिबायोटिकने तिथले उपकारक जिवाणू कमी झाले की बुरशी वाढते, एवढेच त्याचे कारण. तो कोणाचा संसर्ग नव्हे, नवऱ्यावर संशय घेण्याचे कारण नाही आणि उपचारही सोपा आहे.

काही लक्षणे मात्र थांबण्यासारखी नसतात. अंगावर गांधी उठून ओठ-चेहरा सुजणे, श्वासाला घरघर लागणे, तीव्र डोकेदुखीबरोबर अंधुक किंवा दुहेरी दिसणे, रक्त पडणारे किंवा न थांबणारे जुलाब, गिळताना असह्य दुखणे, यांपैकी काहीही झाले तर पुढची कॅप्सूल न घेता दवाखाना गाठावा. औषध सुरू होऊन दोन दिवस उलटले तरी ताप तसाच असेल, तर एक तर आजार दुसरा आहे किंवा औषध पोटात नीट पोहोचत नाही, आणि दोन्ही शक्यता डॉक्टरांनीच तपासायच्या आहेत. धाप लागणे, बरळणे, गुंगी येणे, लघवी कमी होणे, डोळे पिवळे होणे या खुणा दिसल्या तर दोन दिवस वाट पाहायचीच नाही. स्क्रब टायफस गंभीर झाला की तोंडावाटे घेतलेली कॅप्सूल पुरत नाही; अशा रुग्णांना डॉक्सीसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधे शिरेतून एकत्र दिल्यास अधिक लाभ होतो, हे भारतातील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतून दिसले आहे, आणि ती सोय खेड्यात नसते. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जाताना चिठ्ठी, कॅप्सूलचा अर्धा वापरलेला पत्ता आणि घरात चालू असलेल्या इतर सर्व गोळ्या, लोहाच्या गोळीसकट, एका पिशवीत घालून सोबत न्याव्या. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसला तरी त्याने काय घेतले आणि किती घेतले, हे डॉक्टरांना त्या पिशवीवरून कळते.